रास, शीग आणि लीलावती

आमच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जायची. माझ्या जन्माच्या खूप आधीची, निजामाच्या राजवटीतली. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, किल्लेधारूरजवळ बटईनं शेत करायचे. निम्मा माल मालकाचा, निम्मा कसणाऱ्याचा. त्या वर्षी ज्वारी बरी झाली होती. मळणी झाली, वावडीवर उभं राहून उपणणी झाली, आणि नेमकं वाटणीच्या वेळी आभाळ भरून आलं. पायलीनं मापत बसलं तर रात्र झाली असती. मालकाचा कारभारी म्हणाला, दोन राशी घाला, दाव्यानं घेर मोजू आणि मोकळं होऊ. दोन राशी घातल्या. एकीचा घेर भरला वीस हात, दुसरीचा सोळा.

"चार हातांचाच तर फरक आहे भाई," कारभारी म्हणाला, "तो बियाणाचा समजा. आभाळ बघा."

दादांनी आभाळ बघितलं आणि सोळा हातांची रास घेतली. विसाला सोळा म्हणजे पाचाला चार. एवढं इकडंतिकडं व्हायचंच, असा त्यांनी हिशोब केला. पोती भरायला लागल्यावर मात्र मालकाच्या राशीची चौदा पोती भरली आणि आमच्या राशीची सात. सातव्यानंतर वर थोडं मातेरं उरलं, तेवढंच. माझे अब्बा तेव्हा दहा वर्षांचे होते. पोती मोजायचं काम त्यांच्याकडं होतं. दादांनी त्यांच्याकडून पोती पुन्हा मोजून घेतली. आकडा तोच आला. कारभाऱ्यानं दोरी ओढून धरली होती, असं दादा मरेपर्यंत म्हणत राहिले.

दोरी खरी होती. खोट होती ती राशीच्या आकारात. ती खोट काय होती हे कळायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या. आजच्या भाषणाचा विषय आहे घनाकृती. मी गणिताचा माणूस नाही. बी. ए. झालो तो मराठी घेऊन, आणि लिहितो कविता. पण या विषयाशी माझ्या घराचं जुनं देणंघेणं आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

त्या सात पोत्यांनंतर अब्बांनी मापाची विद्या शिकायची ठरवलं आणि ते मापारी झाले. आजच्या मुलांना मापारी हा शब्द सांगावा लागतो. खळ्यावर किंवा बाजारात धान्य पायलीनं मापून देणारा माणूस. त्याची बोटं, त्याचा आवाज आणि त्याची इभ्रत, एवढंच त्याचं भांडवल. पहिली पायली ओतताना 'एक' म्हणायचं नाही, ही रीत. बाकीचे मापारी 'लाभ' म्हणायचे, अब्बा 'बरकत' म्हणायचे. मग दोन, तीन, चार. मध्ये कोणी बोललं तरी आकडा चुकायचा नाही, कारण तो आकडा एका सुरात सतत म्हटला जायचा. माझ्या कवितेला थोडीफार लय असेल तर ती तिथून आली आहे, असं मला वाटतं.

पायली भरायच्या दोन पद्धती. तोंडावरून हात फिरवून सपाट भरायची, नाहीतर वर शीग लावून भरायची. शीग म्हणजे पायलीच्या काठावर आपोआप उभा राहणारा धान्याचा ढीग. 'शिगोशीग' हा आपला शब्द तिथलाच. मजुरी द्यायची ती शिगेनं की सपाट, यावरून खळ्यावर भांडणं व्हायची. अब्बांनी मला एकदा दोन पायल्या दाखवल्या. एक उभट, अरुंद तोंडाची. दुसरी बसकी, रुंद तोंडाची. सपाट भरल्या तर दोन्हींत ज्वारी सारखीच. मग त्यांनी दोन्हींवर शीग लावली आणि नुसती शीग वेगळी काढून मापली. रुंद तोंडाच्या पायलीची शीग दुसरीच्या जवळजवळ दुप्पट निघाली. तोंड मात्र दुप्पट नव्हतं. साधारण सव्वापट असेल. "घ्यायची पायली ही आणि द्यायची पायली ती," अब्बा म्हणाले. "दोन्ही खऱ्या. कुणाला धरणार?"

सव्वापट तोंडाला दुप्पट शीग का, हे त्यांना सांगता येत नव्हतं. पण ते होतं हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, हळूहळू किलो आले, पायली घरातल्या पिठाच्या डब्यात जाऊन बसली आणि अब्बा एका आडतीवर काट्यापाशी उभे राहू लागले. काट्याला तोंड नसतं, असं ते म्हणायचे.

शाळेत आम्हाला भूमिती आली ती नावांच्या यादीसारखी. घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल. पृष्ठं इतकी, कडा इतक्या, शिरोबिंदू इतके. घोकायचं आणि लिहायचं. इष्टिकाचिती हा शब्द तर मला मंत्रासारखा वाटायचा. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेला ढीग, हे कोणी सांगितलं असतं तर गवंड्याच्या मुलानं ते वर्गाला शिकवलं असतं. खोक्याच्या आकाराला आपण आजही 'विटांची रास' म्हणतो, फक्त संस्कृतात. आणि घनफळ, क्षेत्रफळ यांतलं ते 'फळ' बघा. किती मावतं याच्या उत्तराला फळ म्हणणारी भाषा शेतकऱ्यांची असली पाहिजे, असा माझा आपला कवीचा अंदाज.

शिक्षकांनी एकदा ज्वारीच्या चिपाडाच्या कांड्या आणि बाभळीचे काटे आणायला सांगितले. बैलगाड्या करण्यात आम्ही पटाईत होतोच. त्या दिवशी घन केला. बारा कांड्या लागल्या. टेबलावर ठेवला की तो एका अंगाला कलंडायचा, दाबला की चपटा व्हायचा. मग सहा कांड्यांचा एक आकार केला. खाली त्रिकोण आणि वर एकत्र आलेली तीन टोकं, पालासारखा. तो दाबून दाबून काटे मोडले, पण आकार हलला नाही. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोन ठरतात. चौकोनाचं तसं नाही. लोखंडी पुलाच्या सांगाड्यात आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण दिसतात ते म्हणून.

ही बारा आणि सहाची गोष्ट वाटते त्यापेक्षा जुनी आहे. आर्यभटानं इ. स. ४९९ मध्ये आपला ग्रंथ लिहिला. त्यात घनाला त्यानं 'बारा कडांचा' असं नाव दिलं आहे आणि त्या पालासारख्या आकाराला 'सहा कडांचा'. ग्रीकांनी हेच आकार पृष्ठांवरून ओळखले. त्यांच्या नावांतल्या 'हेड्रा' या शब्दाचा अर्थ बैठक. घन सहा बैठकींचा, पाल चार बैठकींचा. एकच वस्तू, पण आपल्याकडं कडा मोजून नाव ठेवलं आणि त्यांच्याकडं बैठकी मोजून. सगळी पृष्ठं एकसारखी, नियमित आणि प्रत्येक कोपरा सारखा असे आकार पाचच होऊ शकतात, सहावा नाही, हे युक्लिडच्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात आहे आणि ते ग्रीकांचं मोठं काम. पुढे ऑयलर या गणितज्ञानं १७५० मध्ये एका पत्रात कळवलं की अशा भरीव आकारांत शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठं मिळवली की उत्तर दोन येतं. घन घ्या, आठ वजा बारा अधिक सहा. पाल घ्या, चार वजा सहा अधिक चार. दोन. दोन हजार वर्षं हे आकार लोकांच्या हातात होते आणि ही एवढी साधी बेरीज-वजाबाकी कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

आर्यभटाचं नाव घेतलं तर त्याची चूकही सांगितली पाहिजे. त्या सहा कडांच्या आकाराचं घनफळ त्यानं तळाच्या निम्म्याला उंचीनं गुणून काढायला सांगितलं. सपाट त्रिकोणात निम्मं असतं, तर उभ्या आकारातही निम्मं असेल, असा विचार असावा. खरं उत्तर एक तृतीयांश. सव्वाशे वर्षांनी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तानं तिसरा हिस्सा सांगितला. हे घरी करून बघता येतं. डब्याच्या तोंडाइतकी रुंद आणि डब्याच्या उंचीइतकी खोल कागदाची सुळकी करा आणि ज्वारीनं भरून डब्यात ओता. बरोबर तीन सुळक्यांत डबा भरतो. आर्यभटासारखा माणूस चुकतो हे वाचून मला बरं वाटलं. दादाही मग फार मोठ्या पंगतीत जाऊन बसले.

आता राशीकडं येतो. बी. ए. होऊन बरीच वर्षं झाल्यावर एका ग्रंथालयात 'लीलावती'चं मराठी भाषांतर हाती लागलं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि हा ग्रंथ ११५० चा. कवितेत लिहिलेलं गणित आहे, या उत्सुकतेनं मी ते घरी आणलं. भुंगे, हंस, कमळं, मोत्यांचे हार, सगळं काही त्यात आहे. पण शेवटाकडं घनाकृतींचा भाग आला आणि मी सरसावून बसलो. कारण तिथं आकारांची वाटणी कडांवरून नव्हती आणि बैठकींवरूनही नव्हती. ती कामांवरून होती. खातव्यवहार म्हणजे खोदकामाचा हिशोब, विहिरी आणि तळी. चितिव्यवहार म्हणजे विटा-दगडांच्या रचाईचा. क्रकचव्यवहार म्हणजे करवतीचा, लाकूड कापण्याचा. आणि राशिव्यवहार म्हणजे धान्याच्या राशीचा.

खोदकाम घेतलं तर खड्डा तळाला आणि तोंडाला सारखा नसतो, म्हणून वरचं, खालचं आणि दोन्हींच्या बेरजेचं क्षेत्र घेऊन हिशोब कसा करायचा, हे तिथं आहे. टोकाकडं निमुळत्या होणाऱ्या खड्ड्याला 'सूची' म्हटलं आहे, म्हणजे सुई, आणि त्याचं फळ सरळ खड्ड्याच्या एक तृतीयांश. करवतीचा हिशोब तर मला फार आवडला. लाकडाचा ओंडका केवढा हे तिथं बघत नाहीत, करवत किती पृष्ठावरून फिरली ते बघतात. मजुरी कापलेल्या पृष्ठाची. आणि पुढे म्हटलं आहे की या सगळ्या कामांचं मोल कारागिराच्या संमतीनं आणि माल मऊ की कठीण हे बघून ठरवावं. गणिताच्या ग्रंथात कारागिराची संमती!

राशीचा नियम असा. सपाट जमिनीवर धान्य ओतलं की त्याचा शंकू होतो आणि त्याचा उतार धान्य स्वतः ठरवतं. त्यामुळं उंची मोजायची गरज नाही. घेर मोजला की पुरे. हरभऱ्यासारखं जाड धान्य असेल तर उंची घेराचा दहावा भाग. मोहरीसारखं बारीक असेल तर अकरावा. कुसळाचं धान्य असेल तर नववा, कारण कुसळं एकमेकांत अडकतात आणि ढीग उभट राहतो. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करायचा आणि उंचीनं गुणायचं. आले घनहात. एक घनहात म्हणजे हातभर लांब, हातभर रुंद, हातभर उंच, बारा कडांचा आकार. तिथंही तो बारा कडांचाच म्हटला आहे.

मी हे आकडे तपासून बघितले. नववा भाग म्हणजे उताराचा कोन सुमारे पस्तीस अंश, दहावा म्हणजे बत्तीस, अकरावा म्हणजे तीस. धान्याच्या कोठारांची आखणी करणारे अभियंते आजही धान्याचा हाच, आपोआप थांबायचा कोन आधी बघतात. हे गणित आसनावर बसून सुचण्यासारखं नाही. भास्कराचार्य असोत की त्यांच्या आधीचं कोणी, कोणीतरी खळ्यावर बसून दोरी धरलेली आहे.

त्यातलं उदाहरण साठ हात घेराच्या राशीचं. जाड धान्याची ती रास सहाशे घनहात भरते. मग भास्कराचार्य विचारतात, रास भिंतीला टेकून घातली तर? कोपऱ्यात घातली तर? घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला वेढून घातली तर? भिंतीला टेकून अर्धा शंकू होतो, घेर दिसतो तीस हात. आतल्या कोपऱ्यात पाव शंकू, पंधरा हात. बाहेरच्या कोपऱ्याला पाऊण शंकू, पंचेचाळीस हात. आधी पूर्ण राशीचा घेर करून घ्यायचा, तिचा हिशोब करायचा आणि मग निम्मा, पाव किंवा पाऊण हिस्सा घ्यायचा. उत्तरं तीनशे, दीडशे, साडेचारशे. हे न करता कोपऱ्यातल्या राशीला सरळ पंधरा हातांचा नियम लावला तर उत्तर येतं साडेनऊच्या आत. दीडशेचे साडेनऊ! सोळा पटींची चूक, आणि दोरी पुन्हा खरीच.

मी वहीचं मागचं पान काढलं आणि आमच्या घरातल्या दोन राशी मांडल्या. वीस हातांची रास, उंची दोन हात, बावीस घनहातांच्या वर. सोळा हातांची रास, उंची एक पूर्णांक सहा दशांश, साडेअकराच्या आत. निम्मी. चौदा पोती आणि सात पोती.

म्हणजे कारभाऱ्यानं दोरी ओढली नव्हती. घेर कमी झाला की रास तिन्ही बाजूंनी कमी होते. लांबीला पाचातले चार, रुंदीला पाचातले चार, उंचीला पाचातले चार. चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे चौसष्ट, आणि पाचाचा घन सव्वाशे. सव्वाशेत चौसष्ट. शिगेचंही तेच. तोंड सव्वापट केलं की शीग तिन्ही बाजूंनी सव्वापट होते आणि दुपटीला टेकते. रेघ दुप्पट केली की क्षेत्र चौपट आणि घनफळ आठपट होतं. या आकारांचे जे काही गुणधर्म आम्ही पाठ केले, त्यांत हा एक गुणधर्म पोटाशी थेट जोडलेला होता, आणि नेमका तोच आम्ही परीक्षेत गाळलेल्या जागा भरण्यापुरता शिकलो. डोळा घेर बघतो, पोट घनफळ मागतं. कारभाऱ्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते आता विचारायला कोणी नाही. असावं असं मला वाटतं. तो राशी घालायला फार लवकर तयार झाला होता.

भास्कराचार्य आमचेच, असं बीडकडची मंडळी सांगतात. त्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड म्हणून सांगितलं आहे. ते विज्जडविड म्हणजे बीड, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. दुसरे पाटण म्हणतात, कर्नाटकातली मंडळी विजापूर म्हणतात. मी या वादात पडत नाही. पण त्यांनी गोलाचं जे केलं ते मला आमच्या बालाघाटच्या डोंगरात बसून चांगलं समजलं, एवढं सांगतो.

गोलाचं पृष्ठफळ किती? त्यांच्या आधीच्या लल्ल या ज्योतिष्यानं वर्तुळाच्या क्षेत्राला घेरानं गुणायला सांगितलं होतं. भास्कराचार्यांनी ते नाव घेऊन खोडलं. त्यांचं उत्तर, गोलाच्या मधल्या वर्तुळाच्या क्षेत्राची चौपट. चेंडूवर विणलेली जाळी असावी तसं ते पृष्ठ आहे, असं ते म्हणतात. पटवून देताना ते आवळा पुढं करतात. आवळ्यावर देठापासून खालपर्यंत रेषा असतात, तशा गोलावर काढा, एकेका फाकेचं पृष्ठ मोजा आणि बेरीज करा. आणि घनफळासाठी म्हणतात, गोल म्हणजे असंख्य सुया. प्रत्येक सुईचा तळ बाहेर पृष्ठावर, टोक आत मध्यबिंदूला. सुईचं फळ तिसरा हिस्सा हे आधी ठरलेलंच आहे. म्हणून सगळ्या पृष्ठाला व्यासार्धाच्या तिसऱ्या हिश्श्यानं गुणलं की झालं.

धारूरच्या माणसाला यासाठी आकृती लागत नाही. पिकलेलं सीताफळ हातात घ्या आणि दोन भाग करा. बाहेर प्रत्येक डोळा म्हणजे एक तळ, आत प्रत्येक गर निमुळता होत मधल्या दांड्याला चिकटलेला. भास्कराचार्यांचं सगळं स्पष्टीकरण तिथं बियांसकट ठेवलेलं आहे. त्यांना मात्र हे फळ मिळालं नसावं. सीताफळ अमेरिकेतलं, पोर्तुगिजांबरोबर आलं असं मानतात. म्हणून बिचाऱ्यांना आवळ्यावर भागवावं लागलं. आता बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, २०१६ पासून.

'लीलावती' वाचत असताना मला एक माणूस सारखा आठवत होता. तो म्हणजे फैजी. अबुल फजलचा थोरला भाऊ, अकबराच्या दरबारातला कवी. अकबराच्या सांगण्यावरून त्यानं १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत आणली. पुढच्याच वर्षी तो राजकवी झाला. बादशहानं गणिताचं पुस्तक कवीकडं का द्यावं? बहुधा ते पुस्तक कवितेत होतं म्हणूनच.

लीलावतीची गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त, पाण्यात ठेवलेलं घटिकापात्र, ती वाकून बघताना त्यात पडलेला मोती, बुजलेलं भोक आणि निघून गेलेली घटका. मग बाप म्हणतो, तुझ्या नावानं ग्रंथ लिहीन, तो जगात राहील. ही गोष्ट आज मिळणाऱ्या लिखाणात पहिल्यांदा येते ती फैजीच्या फारसी प्रस्तावनेत. मूळ ग्रंथात ती नाही. ग्रंथात 'बाले' अशी हाक आहे, तशीच 'प्रिये', 'सखे' या वळणाचीही आहे, त्यामुळं लीलावती मुलगीच होती असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. फैजीनं ती ऐकली असेल नाहीतर रचली असेल. पण ज्या गोष्टीनं आपली कितीतरी मुलं-मुली गणिताजवळ आली, ती एका फारसी कवीच्या हातून आपल्याला परत मिळाली, याची मला मोठी गंमत वाटते. त्याच प्रस्तावनेत फैजी ग्रंथकर्त्याचं गाव दख्खनमधलं बेदर म्हणून सांगतो, म्हणजे बिदर. विज्जडविडाच्या वादात एका गावाची आणखी भर!

हा फैजी पुढे आपल्याकडं आला. १५९१ मध्ये अकबरानं त्याला वकील म्हणून दख्खनला पाठवलं, खानदेशच्या राजाकडं आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडं. आमचा धारूरचा किल्ला त्या वेळी याच निजामशाहीत होता. आदिलशाही सरदार किश्वरखानानं १५६७ च्या सुमारास तो बांधला आणि थोड्याच काळात निजामशहानं जिंकून त्याचं नाव फतेहाबाद ठेवलं. १६३१ मध्ये तो मोगलांकडं गेला. किल्ल्याच्या तटावर बसलं की मला कधी कधी वाटतं, तिकडं अहमदनगरात बसून फैजी बादशहाला दख्खनच्या हकिकती लिहीत होता, तेव्हा खाली खळ्यांवर राशी पडत असतील, आणि त्यांचा हिशोब सांगणारं पुस्तक त्याच्या ओळखीचं होतं. पण फारसीत. त्याआधी संस्कृतात. खळ्यावरच्या माणसाला दोन्ही सारखीच लांब.

देवाणघेवाण उलटीही झाली. युक्लिडचा ग्रंथ नसीरुद्दीन तूसीनं तेराव्या शतकात अरबीत नव्यानं लिहिला होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहासाठी पंडित जगन्नाथ सम्राट यांनी तो अरबीवरून संस्कृतात आणला आणि नाव दिलं 'रेखागणित'. ग्रीकांचे ते पाच आकार अशा वाटेनं संस्कृतात आले. एकाच विद्येसाठी एका बाजूनं मुसलमान कवी संस्कृतकडं गेला, दुसऱ्या बाजूनं ब्राह्मण पंडित अरबीकडं गेला. त्यांना त्यात काही विशेष केल्यासारखं वाटलं नसावं. शब्द नीट लागला की नाही, याचीच चिंता असणार.

मराठीचा एक धागा मात्र राहिला आणि तो आमच्या घरापर्यंत येतो. चाळीसगावजवळच्या पाटण इथं एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेख १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला. सोईदेव निकुंभ या तिथल्या सामंतानं त्याला दान दिलं. दानाची हकीकत संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातून मठाला काय काय मिळावं, हा तपशील मराठीत आहे. तेराव्या शतकातली मराठी, बाजारातल्या माणसांना कळावी म्हणून लिहिलेली. त्यात तेलाच्या घाण्यांचा वाटा आहे, आणि पुढे असं आहे की इथं जे मापायचं ते मठाच्या मापानं मापावं, आणि मापणावळ निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला.

हे मी अब्बांना वाचून दाखवलं तेव्हा ते फार थकले होते. खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. दोन राशींचा हिशोबही मी त्यांना त्याच दिवशी वहीत काढून दाखवला. दोन्ही आकडे त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावले. मग बराच वेळ त्यांनी वही हातात धरून ठेवली. वाचता त्यांना फारसं येत नव्हतं.

"म्हणजे दोरी खरी होती," ते म्हणाले. "दादा उगाच दोरीला बोलत राहिले."

मग त्यांना शिलालेखातला मापारी आठवला. सातशे-आठशे वर्षांपूर्वी दगडावर मापाऱ्याचा हिस्सा कोरून ठेवला होता, हे त्यांना आवडलं असावं. निम्मी म्हणजे बरी होती, असं म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"ते मठाचं माप," त्यांनी विचारलं, "सपाट होतं का शिगेचं? आणि तोंड केवढं होतं त्याचं?"